आठ लांबट होल

मला राग आला की माझा आवाज चढत नाही, उतरतो, आणि मी अतिशय शुद्ध मराठी बोलायला लागतो. एरवी आम्ही घरीदारी वऱ्हाडीच. पण मी "कृपया" असा शब्द उच्चारला की बायको गॅस बंद करून स्वयंपाकघरातून बाहेर येते आणि विचारते, "कोनाचं काय झालं?" तर मे महिन्यातल्या एका दुपारी, केनवडच्या पुढं उभ्या राहत असलेल्या सोयाबीनच्या कारखान्यात, जमिनीपासून चाळीस फुटांवर, मी चार वेळा कृपया म्हणालो. खाली उभे असलेल्यांपैकी जे मला ओळखत होते ते दोन पावलं मागं सरकले.

ती दुपार सांगण्याआधी माझा धंदा सांगावा लागेल, कारण तो कुणालाच कळत नाही. कळत नाही याचाही मला राग येतो, पण तो जुना राग आहे, त्याला आता मी पाळलं आहे.

मोठ्या कारखान्यांच्या लोखंडी इमारती तुम्ही पाहिल्या असतील. त्यांचे खांब, त्यांच्या तुळया दुसराच कुणी ठरवतो. मी फक्त जोड ठरवतो. तुळई खांबाला जिथं भेटते तिथं किती जाडीची प्लेट, किती बोल्ट, वेल्डिंगचा टाका किती लांब. वाशिमला घराच्या वरच्या खोलीत दोन स्क्रीन लावून मी पंचवीस वर्षं हेच करतो आहे. लग्नाच्या पंगतीत कुणी विचारतं, "सध्या काय करून राह्यले?" मी म्हणतो, "लोखंडाचे जोड काढतो." शेजारचा जिलबी मोडत म्हणतो, "म्हंजे वेल्डिंगचं दुकान हाय काय?"

लोक म्हणतात, शेड पडली. शेड पडत नसते हो! तुळई पडल्यावर पाहा, धडधाकट असते. खांब धडधाकट असतो. सुटतो तो जोड. पण उद्घाटनाच्या दिवशी माना वर करून लोक बघतात ते उंच खांबांकडे. एकही माईचा लाल जोडाकडे बघत नाही.

आणि सगळ्या जोडांमध्ये अवघड कोणता, तर जो मुद्दाम धरत नाही तो.

केनवडच्या कारखान्यात एका बाजूला धान्य साफ करायचा उंच टॉवर होता, दुसऱ्या बाजूला गोदाम. दोन्हींच्या मध्ये हवेत शंभर फूट लांब लोखंडी बोगदा. आम्ही त्याला गॅलरी म्हणतो. तिच्यातून पट्टा फिरणार, पट्ट्यावरून सोयाबीन जाणार, आणि पट्ट्याच्या शेजारून माणसांना चालायला अरुंद वाट. आता लोखंड उन्हानं वाढतं, हे शाळेत सगळे शिकतात आणि शाळेतच ठेवून येतात. आमच्याकडची जानेवारीची पहाट आणि मेची दुपार यांच्यात शंभर फुटांचं लोखंड करंगळीच्या जाडीइतकं वाढतं. करंगळी म्हणजे काहीच नाही, असं वाटतं ना? तिला वाढायला जागा दिली नाही तर ती खांबाला ढकलते, आणि ती कुणाच्या बापाला ऐकत नाही.

म्हणून मी गॅलरीचं एक टोक टॉवरला पक्कं बांधलं आणि गोदामाकडचं टोक मोकळं ठेवलं. तिथं खांबातून फळीसारखा एक जाड ब्रॅकेट बाहेर काढला आणि गॅलरी त्याच्यावर नुसती बसवली. बोल्ट होते, पण बोल्टांचे होल गोल नव्हते, लांबट होते. आठ बोल्ट, आठ लांबट होल. नट हातानं लावायचा, अर्धा फेरा मागं घ्यायचा, वर दुसरा नट चढवून पहिल्याला जागेवर ठेवायचा. बोल्ट आपल्या जागी, गॅलरी त्याच्याभोवती मागंपुढं. त्या आठ होलांवर मी नऊ दिवस घालवले. सांगायला लाज वाटत नाही, नवव्या दिवशी मी स्क्रीनकडे बघून स्वतःला शाबासकी दिली. बायको म्हणाली, "लोखंडाले सरकाले जागा देता, अन् मले कपाटात एक फळी देत नाई."

हे सगळं लोखंड जोडून उभं करायचं काम आमच्या वाशिमच्या उस्तादांना मिळावं म्हणून मी भांडलो होतो. कारखाना उभारणाऱ्या पुण्याच्या कंपनीला त्यासाठी शहरातलाच कुणी मोठा फॅब्रिकेटर हवा होता. मी म्हणालो, आमच्या वाशिमला असा माणूस आहे की त्याचं वेल्डिंग तुमच्या तपासणीच्या यंत्राखाली धरा, यंत्र लाजेल. मी शब्द टाकला, कंपनीनं तो उचलला.

उस्ताद साठीच्या पुढचे. वडील बैलगाड्या करायचे. उस्तादांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या केल्या, मग शेड. माझ्या वडिलांची पहिली ट्रॉली त्यांच्याच हातची, अजून चालते. मला ते चारचौघांत "साहेब, तुमी" म्हणतात आणि एकटा सापडलो की "तू". त्यांच्या कारखान्यात एक रिवाज आहे. ज्यानं वेल्डिंग केलं त्यानं शेजारी आपला पंच मारायचा, म्हणजे लोखंडात ठिपके ठोकायचे. उस्तादांचे तीन ठिपके, बाकीच्यांचे दोन, एक, असे. आणि ज्याचा ठिपका त्याचंच ते वेल्डिंग. कापायचं झालं तर त्यानंच कापायचं. दुसऱ्यानं त्याच्यावर ग्राइंडर लावला तर ते त्या माणसाच्या थोबाडीत मारल्यासारखं. एकदा एका नवख्यानं लावला होता. ज्याचं वेल्डिंग होतं तो कारागीर डबा उचलून निघून गेला, तो आता अकोल्याला असतो.

डिसेंबरात मी उस्तादांकडे गेलो, ड्रॉइंग समजावून सांगायला. आता इथं मला स्वतःचा जो राग येतो तो मी आजवर कुणाला सांगितलेला नाही, म्हणून नीट ऐका. मी दोन तास बसलो. चहा झाला, पुन्हा चहा झाला. ड्रॉइंग टेबलावर पसरलं होतं आणि चहाचे ग्लास त्याच्यावरच होते. मी सांगायला लागलो. काय सांगितलं? माझ्या मावसभावाच्या वरातीतल्या घोड्याची गोष्ट. तो घोडा बँडच्या आवाजानं बिथरून नवरदेवाला घेऊन थेट दुसऱ्याच लग्नाच्या मांडवात कसा शिरला, तिथल्या बायकांनी आमच्या नवरदेवाला ओवाळलंही कसं, हे मी उठून, घोडा होऊन, नवरदेव होऊन, ओवाळणारी बाई होऊन करून दाखवलं. कारागिरांनी हातातली कामं टाकली. उस्तादांच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. मी एवढा खूश झालो स्वतःवर की तसाच उठून घरी आलो. आठ लांबट होल चहाच्या ग्लासाखाली होते. त्यांच्याबद्दलची सूचना ड्रॉइंगच्या कोपऱ्यात होती, इंग्रजीत, चौदावा नंबर, मुंगीएवढ्या अक्षरात.

जानेवारीत गॅलरी चढली. फोटो आले, छान दिसत होती. मी दुसऱ्या कामात होतो.

मेमध्ये पट्टा बसवायला सुरुवात झाली आणि तो फिरवून बघायचा दिवस ठरला. आदल्या दिवशी मी सहज गेलो, आपलं लेकरू बघायला जावं तसा. दुपारचे तीन. सावलीतसुद्धा बूट चटकत होते. गोदामाजवळ उभा होतो आणि वरून आवाज आला. ठण्ण. देवळातल्या घंटेसारखा नाही. कुणीतरी आतून हातोडा मारावा तसा.

शेजारचा मुकादम म्हणाला, "रोज होते साहेब. दुपारी वाजते, गरमीनं."

"रोज?" मी म्हणालो.

"आठेक दिवसांपासून. लोखंड हाय, बोलते."

लोखंड बोलत नाही हो. माझं लोखंड तर मुळीच बोलत नाही, त्याला मी सरकायला जागा दिलेली आहे. मी शिडी चढलो. पन्नाशीच्या माणसानं मेच्या दुपारी चाळीस फूट लोखंडी शिडी चढावी, ही काही बघण्यासारखी गोष्ट नाही, पण खाली प्रेक्षक होते म्हणून मी ती डौलानं चढलो. वर पोचलो आणि ब्रॅकेटवर हात ठेवला. हात भाजला. मग बघितलं.

आठ लांबट होल नव्हते. आठही होल वेल्डिंगनं भरलेले होते, बोल्टाच्या अगदी अंगापर्यंत, आणि ग्राइंडर मारून असे गुळगुळीत केलेले की तिथं कधी काही लांबट होतं हे कुणाला कळू नये. वरून सगळ्या कडेनं वेल्डिंगचा टाका. काय टाका होता! नाणी रचून आडवी पाडावीत तसा. शेजारी तीन ठिपके.

माझं मोकळं टोक जगातलं सगळ्यात पक्कं टोक झालेलं होतं.

मग मी ब्रॅकेट जिथं खांबाला जोडलेला होता तिथं वाकून पाहिलं. रंगात केसासारखी रेघ. भेग तपासायचा लाल रंग माझ्या पिशवीत नेहमी असतो. तो लावला, थोडा वेळ थांबून पुसला, पांढरी पावडर फवारली आणि वाट बघितली. पांढऱ्यातून हळूहळू लाल रेघ वर आली, वीतभर. शंभर फुटांची गॅलरी रोज दुपारी खांबाला ढकलत होती आणि ब्रॅकेट खांबापासून टाका टाका सुटत होता. पूर्ण सुटला असता तर गॅलरीचं ते टोक त्याच्यासकट खाली.

आणि गॅलरीत पाच माणसं पट्ट्याचा जोड शिवत होती. एक जण मोबाइलवर गाणं लावून बरोबर गात होता.

"कृपया," मी म्हणालो, "सर्वांनी खाली उतरावं."

गाणं बंद झालं. "काय झालं साहेब?"

"कृपया. टॉवरच्या बाजूनं. एकेक जण. हत्यारं तिथंच राहू द्या."

ते उतरले. मग खालून साइट मॅनेजर ओरडला. तो पुण्याचा, तिशीतला, इस्त्रीचा शर्ट त्या धुळीत कसा ठेवायचा त्याचं त्याला माहीत. "सर, कामं का थांबवली? उद्या ट्रायल आहे, मालक येतायत."

"कृपया ट्रायल पुढं ढकला."

"सर, एक छोटी क्रॅक असेल तर वरून वेल्डिंग मारून घेऊ ना."

चौथं कृपया मी कोणत्या शब्दांबरोबर वापरलं ते इथं लिहिता येणार नाही.

उस्तादांना बोलावलं. ते मोटारसायकलवर आले, डोक्याला ओला रुमाल बांधून. शिडी माझ्यापेक्षा चपळ चढले. वर आम्ही दोघंच, पण खाली सगळी साइट माना वर करून उभी.

"उस्ताद, हे काय आहे?"

"काय हाय?"

"हे. हे वेल्डिंग."

त्यांनी वाकून पाहिलं, अंगठा फिरवला. "चांगलं हाय ना?"

"हे होल कुणी भरले?"

"हळू बोला साहेब. खाली लोक ऐकून राह्यले."

"ऐकू द्या!"

"अरे तुयासाठीच सांगून राह्यलो, येड्या." आवाज एकदम खाली. "शहरातून प्लेटा कापून आल्या. आठशे होल गोल, अन् आठ असे ताणलेले. ट्रॉलीले असं होल झालं तं गिऱ्हाईक तोंडावर फेकून मारते. म्या तुया कागद काढून पाह्यला. कागदातबी तसेच! म्हटलं झालं, इंजिनिअरचा हात हालला. आता मानसांसमोर बोललो असतो तं तुयी काय इज्जत राह्यली असती? गाववाला हायेस तू. तं मानसं दुपारी जेवाले बसली, तवा म्या वर येऊन माया हातानं भरून टाकले. कोनाले सांगतलं नाई. बायकोलेबी नाई."

हे बोलून ते माझ्याकडे अशा नजरेनं बघत राहिले की आता मी त्यांचे आभार मानावेत.

तुम्ही सांगा, या रागाचं माणसानं काय करायचं? आळशानं काम बिघडवलं असतं तर मी त्याला शिडीवरून खाली पोचेपर्यंत सोलला असता. चोरानं बिघडवलं असतं तर फौजदार होता. पण या माणसानं जेवणाची सुट्टी मोडून, चाळीस फुटांवर बसून, आयुष्यातलं सगळ्यात देखणं वेल्डिंग केलं होतं, माझी अब्रू झाकायला. आणि त्या झाकलेल्या अब्रूवर पाच माणसं लटकत होती.

"हे कापावं लागेल," मी म्हणालो.

उस्ताद ताठ झाले. "माया टाका तुटला काय?"

"नाही."

"मंग? तुटलं ते खांबाजवळचं. माया आठ होलांतून एक तरी हाललं काय?"

"हाललं असतं तर बरं झालं असतं! ते हालायलाच हवं होतं! म्हणून तर ते लांबट होते!"

"कायले हालाले पाह्यजे? हालनारी चीज पक्की करतेत, का पक्की चीज हालवतेत? पन्नास वर्षांत मले कोनी म्हनलं नाई का उस्ताद, तुमचं काम लय पक्कं झालं."

मी तापमान सांगितलं, मिलिमीटर सांगितले. ते ऐकत होते, पण मास्तरांचं ऐकावं तसं, खिडकीबाहेर बघत. मला त्यांचा राग, माझा राग, उन्हाचा राग. शेवटी माझ्या तोंडून निघालं, "उस्ताद, तुमचे वडील गाडीच्या चाकाला लोखंडी धाव कशी चढवायचे?"

"कशी म्हंजे? भट्टीत लाल कराची. फुगली का चाकावर ठोकाची. वरून पानी. आक्रसते, अन् मंग चाकाले अशी धरते का..."

हात हवेत चाकाच्या आकारात तसाच राहिला. त्यांनी गॅलरीकडे पाहिलं, पार टॉवरपर्यंत. मग सूर्याकडे. मग आपल्या तीन ठिपक्यांकडे.

"रोज फुगून राह्यली," ते म्हणाले. "अन् रोज आक्रसून राह्यली. अन् म्या तिले धरून ठेवलं."

मला वाटलं, आता खजील होतील, आणि मी मोठ्या मनानं त्यांना माफ करीन. ते दृश्य मी मनात रंगवायलाही घेतलं. तेवढ्यात ते माझ्यावर असे कडाडले की खालचा मुकादम टोपी काढून उभा राहिला.

"तं डिसेंबरात काहून नाई बोलला हे? धाव म्हनाचं, एक शब्द! मले सारं समजलं असतं! दोन घंटे बसला होता माया कारखान्यात. घोडा होऊन नाचला! मले नवरदेव माहीत, मले घोड्याचा रंग माहीत, ओवाळनाऱ्या बाईची साडी माहीत. अन् होल माहीत नाई! पाच मानसं होती आत, पाच!"

मी शिडी उतरायला लागलो. चढतानाचा डौल आता नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला कापायचं ठरलं. हायड्रा क्रेन बोलावली, गॅलरीच्या टोकाला पट्टे घालून ते टोक धरून ठेवलं, खालून टेकू दिले. सकाळीच का, तर तो टाका घातला होता जानेवारीतल्या दुपारी, आणि मेच्या पहाटेचं लोखंड साधारण तेवढ्याच उष्णतेचं असतं. त्या वेळी गॅलरी कुणाला ढकलत नाही, ओढत नाही. दुपारी कापलं असतं तर काय सुटून कुठं लागलं असतं याचा नेम नव्हता.

मॅनेजरनं स्वतःचा वेल्डर आणला होता. उस्ताद शिडीखाली उभे राहिले. "तीन ठिपके हायेत वर," एवढंच म्हणाले. मॅनेजरला काही कळलं नाही, वेल्डरला कळलं. तो ग्राइंडर ठेवून चहाला गेला.

उस्ताद एकटे वर चढले. आठ होल उघडायला त्यांना साडेतीन तास लागले. इतकं पक्कं केलेलं होतं. ते स्वतःच्या कामाशी भांडत होते आणि काम हरत नव्हतं. मध्ये एकदा त्यांनी वरून शिवी दिली, ती मला होती की टाक्याला, मी विचारलं नाही. शेवटी कानशीनं कडा घासून त्यांनी आठही होल पुन्हा लांबट केले. नट हातानं लावला, अर्धा फेरा मागं, वर दुसरा. मग ग्राइंडर तीन ठिपक्यांवर लावला आणि तेही काढून टाकले. ते मी सांगितलं नव्हतं.

टेकू तसेच ठेवून फक्त क्रेनचा पट्टा सैल केला. मी ब्रॅकेटवर आणि गॅलरीवर मिळून एक सरळ रेघ ओरखडली. दुपारपर्यंत रेघेचे दोन तुकडे झाले होते. वरचा तुकडा खालच्यापासून नऊ मिलिमीटर सरकला होता. आवाज नाही. उस्तादांनी जेवण सोडून ते सरकणं बघितलं, एखाद्या न बोलणाऱ्या माणसाला बोलताना बघावं तसं.

भेग साफ करून खांबाजवळचं वेल्डिंग नव्यानं झालं, तपासलं गेलं, टेकू निघाले. आता मॅनेजरनं माझ्यासमोर कागद ठेवला. टाइप केलेला, इस्त्रीचा. "फॅब्रिकेटरने डिझाइनरच्या परवानगीशिवाय जोडात बदल केला." खाली माझ्या सहीची जागा.

"फोटोसुद्धा आहेत सर, ते ठिपक्यांचे. आम्हाला फक्त तुमची सही हवी. दुसऱ्या टप्प्यासाठी आम्ही पुण्याहून माणूस आणू."

"आणि उस्ताद?"

"त्यांना या भागात पुन्हा मोठं काम नाही मिळणार, पण सर, चूक तर चूकच."

कागदातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. याचाच मला संताप आला. खोटं असतं तर फाडता आलं असतं. मी घरी गेलो आणि माझं पत्र लिहिलं. सरकणारा जोड आहे हे मी फॅब्रिकेटरला प्रत्यक्ष समजावून सांगितलं नाही, सूचना त्याला वाचता येईल अशी लिहिली नाही, आणि जोड चढल्यावर तपासायला गेलो नाही; चूक डिझाइनरची. हेही अक्षर अन् अक्षर खरं होतं. पाठवून दिलं आणि दोन दिवस स्वतःच्या मोठेपणावर तरंगत होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी दारात मोटारसायकल थांबली. उस्ताद चप्पल न काढता आत आले. बायको घरात, म्हणजे चारचौघांत धरायचं, पण "साहेब" गायब.

"मायी चूक तू काहून घेतली?"

"उस्ताद, बसा तरी..."

"बसत नाई. भिकारी हाय काय मी? मायी चूक मायी हाय. माया हातानं केली, माया हातानं कापली. आता सारं वाशिम म्हनन का इंजिनिअरनं उस्तादले झाकलं."

"तुमी नव्हतं मले झाकलं?" मी ओरडलो, राग असूनही पूर्ण वऱ्हाडीत. "जानेवारीत? जेवाची सुट्टी मोडून? तवा मायी इज्जत तुमच्या बापाची होती काय?"

बायको पाणी घेऊन उभी होती ती तशीच उभी. "तुमी दोघं," ती म्हणाली, "चूक कोनाची हाय यावर भांडून राह्यले, का चूक कोनाले भेटन यावर?"

उस्तादांनी पाणी संपवलं. मग खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यांनीही पत्र लिहून घेतलं होतं आणि कंपनीला देऊनही आले होते. होल मी भरले, न विचारता भरले, इंजिनिअरचा कागद बरोबर होता. खाली सही, आणि सहीच्या शेजारी पेनानं काढलेले तीन ठिपके.

संध्याकाळी मॅनेजरचा फोन आला. "सर, माझ्याकडे दोन पत्रं आहेत. दोघंही म्हणतायत चूक माझी. मी वर काय कळवू?"

"दोन्ही कळवा," मी म्हणालो.

त्यानं दोन्ही कळवली. कंपनीनं पुष्कळ विचार करून दुसऱ्या टप्प्याचं डिझाइन माझ्याकडून काढलं आणि फॅब्रिकेशन उस्तादांकडेच ठेवलं. तसं वेल्डिंग आसपास कुणाला जमणार नव्हतं. म्हणजे माझा शब्द राहिला आणि मी गेलो. मी आनंदी व्हायला हवं होतं. मी महिनाभर घरात शुद्ध मराठी बोलत होतो.

मग गेल्या महिन्यात एका सकाळी उस्तादांचा फोन. मागं क्रेनचा घरघराट.

"दुसऱ्या गॅलरीच्या प्लेटा आल्या," ते म्हणाले. "होल लांबट हायेत."

"उस्ताद, देवाच्यान, भरू नका."

"भरत नाई रे. ऐक तं खरं. लांबट हायेत, पन आडवे हायेत. गॅलरीच्या रुंदीकडे. कागदातबी तसेच. मले सांग, गॅलरी लांबीत फुगन का रुंदीत?"

मी वरच्या खोलीत उभा राहिलो. नव्या डिझाइनरनं होल नव्वद अंशांनी फिरवून ठेवले होते. बोल्ट मोकळे दिसले असते आणि गॅलरी जिकडं वाढणार तिकडं एक केसही सरकली नसती. पुन्हा तेच. पुन्हा दुपारी ठण्ण. मला एवढा राग आला की "कृपया" ओठांवर आलं, आणि त्या रागाच्या खाली, खरं सांगतो, गुदगुल्या व्हायला लागल्या.

"लांबीत," मी म्हणालो. "तुमचं बरोबर हाय, उस्ताद. त्याचं चुकलं."

"हौ. मलेबी तसंच वाटलं." त्यांनी आवाज खाली आणला. "पोरगेला हाय तो. शहरातून आला आज, साऱ्या साइटीसमोर उभा हाय, नवा हेल्मेट घालून. एकट्याले बाजूले घेऊन सांगू काय?"

"नाई," मी म्हणालो. "साऱ्यांसमोर. जोरात."

फोन त्यांनी बंद केला नाही, तसाच हातात धरला असावा. क्रेन थांबल्याचं ऐकू आलं, पावलं ऐकू आली, आणि मग उस्तादांचा तो आवाज, चाळीस फुटांवरून जमिनीपर्यंत पोचणारा.

"ओ साहेब! हे होल आडवे काहून हायेत?"